साडेअकराची लाट

आषाढी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत माझ्या फोनवर एक रेकॉर्डिंग आलं. पुरुषाचा आवाज, शांत, शिकलेला, थोडा दबका. "नमस्कार. माझा मेहुणा मंत्रालयात आहे, त्याने आत्ताच सांगितलं. उद्या पौर्णिमेच्या रात्री साडेअकरा वाजता कोकण किनाऱ्यावर त्सुनामी येणार आहे, मालवणपासून वसईपर्यंत. चार मीटरची लाट आहे. सरकारला माहीत आहे, पण घबराट नको म्हणून टीव्हीवर सांगत नाहीत. तुमची माणसं गावाला असतील तर त्यांना सड्यावर जायला सांगा. हा मेसेज थांबवू नका." बोलणाऱ्याने स्वतःचं नाव सांगितलं नव्हतं, गाव सांगितलं नव्हतं, महिना आणि सालही नव्हतं.

मी दापोली तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका हायस्कुलात भूगोल शिकवते. गावाचं नाव लिहीत नाही. त्या रात्री जी माणसं घरं सोडून सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या कातळपठारावर गेली त्यांनी लाजण्यासारखं काही केलेलं नाही, आणि नाव आलं की लोक हसण्यापुरतं वाचतात. हे सगळं सविस्तर मांडते आहे ते एवढ्यासाठी, की या अफवेला पहिलं उत्तर मी दिलं आणि ते चुकीचं दिलं. तशी चूक शिकलेल्या माणसांच्या हातून नेहमी होते. माझ्या हातून ती झाली नसती तर वरच्या वाडीतली एक आजी आजही स्वतःच्या पायांनी विहिरीवर गेली असती.

गाव खाडीच्या तोंडाशी आहे. पुढे पुळण, पुळणीला लागून सुरूचं बन, बनाच्या मागे एक वाडी, मग भाताची खाचरं, खाचरांपलीकडे डोंगराला टेकलेली वरची वाडी. तिथून घाटी चढली की सडा. बंदराकडे मच्छीमारांची वस्ती, मशीद आणि दगडी बंधारा. जुलैत मासेमारीबंदी असते, १ जून ते ३१ जुलै, त्यामुळे मोठ्या बोटी खाडीत शाकारून ठेवलेल्या असतात आणि लहान होड्या पुळणीवर ओढलेल्या. लावणीचे दिवस होते. दिवसभर चिखलात वाकून दमलेली माणसं संध्याकाळी फोन उघडतात, तेव्हा समोर येईल ते खरं मानायला फार जोर लागत नाही.

शिवाय भीती आधीच घरात होती. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या बाजूने आत शिरलं, तेव्हा आमच्याकडे कौलं पत्त्यासारखी उडाली, बापजाद्यांनी लावलेल्या सुपारीच्या आणि नारळाच्या बागा एका दुपारीत आडव्या झाल्या. नंतर कित्येक दिवस वीज नाही, फोन नाही. पुढच्या मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला समांतर वर गेलं, आणि त्याच वर्षी जुलैत चिपळूण बुडालं. असं सगळं पाहिलेल्या गावाला "समुद्रापासून सावध राहा" हे कोणी वेगळं सांगावं लागत नाही. "सरकार सांगत नाही" हे वाक्यही इथे लोकांना खोटं वाटत नाही, कारण वादळानंतरच्या त्या दिवसांत खरोखरच कोणी काही सांगायला आलं नव्हतं.

रेकॉर्डिंगच्या मागोमाग एक व्हिडिओ आला. काळं पाणी बंधारा ओलांडून आत येतंय, होड्या आणि मोटारी काडीसारख्या वाहतायत. खाली लिहिलेलं: रत्नागिरी, आत्ताची दृश्यं. ते ११ मार्च २०११ चं जपानमधलं चित्रण होतं. नववीतल्या एका मुलीने ते मधेच थांबवून पाहिलं. "बाई, या पाटीवरची अक्षरं बघा," ती म्हणाली. अक्षरं जपानी होती. त्या वेळी मी तिचं कौतुक केलं आणि पुढे गेले. तिची ती एक मिनिटाची कृती माझ्या नंतरच्या लांबलचक मजकुरापेक्षा मोलाची होती, हे मला दोन दिवसांनी कळलं.

त्या संध्याकाळी मी गावाच्या ग्रुपवर लिहिलं: "ही निव्वळ अफवा आहे. अरबी समुद्रात त्सुनामी येत नाही. समुद्राला काहीही झालेलं नाही. कृपया कोणीही घाबरू नये आणि असे मूर्खपणाचे मेसेज पुढे पाठवू नयेत."

चार वाक्यं. पहिलं बरोबर होतं. दुसरं खोटं. तिसरं खोटं. चौथ्यात मी माझ्याच गावकऱ्यांना मूर्ख म्हटलं होतं.

दुसऱ्या वाक्याबद्दल आधी. २८ नोव्हेंबर १९४५ ला पहाटे मकरानच्या किनाऱ्याजवळ, म्हणजे आजच्या पाकिस्तानच्या दक्षिणेला, समुद्राखाली आठच्या वरच्या तीव्रतेचा भूकंप झाला. त्यातून उठलेल्या त्सुनामीने तिथला किनारा तर धुऊन नेलाच, पण काही तासांनी ती मुंबईपर्यंत आली आणि इथेही माणसं वाहून गेली. भूगोल शिकवणाऱ्या बाईला हे ठाऊक असायला हवं होतं. ठाऊक होतंही. पण लोकांना लवकर शांत करायच्या घाईत मी सोपं वाक्य निवडलं. भीती घालवायची म्हणून खोटा दिलासा दिला तर तीही खोटी माहितीच असते, आणि ती शिक्षकाच्या तोंडून आलेली असते म्हणून जास्त लागते.

तिसरं वाक्य तर तासाभरातच उघडं पडलं. मुंबईला नोकरी करणाऱ्या एका मुलाने ग्रुपवर इन्कॉइसचा इशारा टाकला. हैदराबादचं हे केंद्र, पूर्ण नावाने भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र, देशाच्या किनाऱ्यासाठी लाटांचे अंदाज देतं. २००४ च्या त्सुनामीनंतर उभारलेलं त्सुनामी इशारा केंद्रही २००७ पासून तिथूनच चालतं. इशारा खराच होता. मालवण ते वसई या किनाऱ्यावर ३.५ ते ४.२ मीटर उंचीच्या लाटांचा अंदाज, चतुर्दशीच्या संध्याकाळी १७.३० पासून पौर्णिमेच्या रात्री २३.३० पर्यंत. मुलाने खाली लिहिलं, "बाई, सरकारच सांगतंय. मालवण ते वसई, चार मीटर, साडेअकरा. सगळं जुळतंय."

आणि खरंच सगळं जुळत होतं. जुळणारच, कारण अफवा त्याच इशाऱ्यातून निघालेली होती.

मी त्या रात्री ते दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचले आणि मला पहिल्यांदा दिसलं की रेकॉर्डिंगमधला एकही आकडा बनवलेला नव्हता. कोणीतरी तो इशारा वाचला होता आणि त्यातल्या तीन गोष्टी त्याला समजल्या नव्हत्या. एक म्हणजे लाटेची उंची. इशाऱ्यात असते ती उघड्या समुद्रातल्या लाटांची उंची, तीही सगळ्यात मोठ्या एक तृतीयांश लाटांची सरासरी. ती काही किनाऱ्यावर चढणाऱ्या पाण्याची खोली नाही. पावसाळ्यात तीन-चार मीटरच्या लाटा आमच्या समुद्रात नवलाच्या नाहीत. वाऱ्याने उठलेली लाट दहा-वीस सेकंदांत येते, फुटते, मागे जाते. त्सुनामीत तळापासूनचं सगळं पाणीच पुढे सरकतं आणि कित्येक मिनिटं आत येत राहतं. मीटर तेच असले तरी दोन्हींचं मोजमाप एक नाही.

दुसरी गोष्ट वेळ. २३.३० ही इशाऱ्याची मुदत संपण्याची वेळ होती. तो अंदाज ग्रीनिचच्या वेळेनुसार ठरावीक टप्प्यांवर काढतात, आणि आपलं घड्याळ साडेपाच तास पुढे असल्यामुळे तिथले अठरा वाजले की आपले साडेतेवीस होतात. म्हणून अशा इशाऱ्यांत साडेपाच आणि साडेअकरा हेच आकडे पुन्हा पुन्हा दिसतात. मुदत संपण्याची वेळ अफवेत लाट धडकण्याची वेळ झाली. आणि तिसरी गोष्ट म्हणजे शब्द. त्या इशाऱ्यात त्सुनामी हा शब्दच नव्हता. पण जे केंद्र त्सुनामीचा इशारा देतं त्याच केंद्राचं नाव वर होतं, आणि वाचणाऱ्याने मधली जागा स्वतःच भरली.

यात लबाडी किती आणि गैरसमज किती, हे मला आजही सांगता येणार नाही. जपानचा व्हिडिओ रत्नागिरी म्हणून लावणारा माणूस लबाड होता यात शंका नाही. पण पहिलं रेकॉर्डिंग करणाऱ्याला कदाचित खरंच भीती वाटली असेल. त्याच्यासमोर एक सरकारी मजकूर होता, तो त्याला कळेल अशा भाषेत नव्हता, आणि त्याचा अर्थ सांगायला गावात कोणी बसलेलं नव्हतं. अफवांचा अभ्यास करणारे गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन यांनी १९४७ मध्ये मांडलं होतं, की अफवेचा जोर विषयाचं महत्त्व आणि माहितीची संदिग्धता यांच्या गुणाकारावर ठरतो. गुणाकार म्हटल्यावर एक बाजू शून्य केली तरी पुरतं. किनाऱ्यावरच्या माणसाला समुद्राचं महत्त्व कमी करून घे असं तर सांगता येत नाही. संदिग्धता कमी करणं एवढंच आपल्या हातात उरतं, आणि माझ्या मेसेजने ती वाढवली होती.

पौर्णिमेला सकाळी, म्हणजे गुरुपौर्णिमेला, शाळेत निम्मे वर्ग रिकामे. जी मुलं आली त्यांनी फुलं दिली आणि पाठोपाठ विचारलं, "बाई, आज रात्री तुम्ही कुठे जाणार?" वरच्या वाडीतली आणि बनामागच्या वाडीतली कुटुंबं बोचकी बांधत होती. बंदरावर मात्र तसं काही दिसत नव्हतं. समुद्राच्या सगळ्यात जवळची माणसं सगळ्यात शांत, हे मला चमत्कारिक वाटलं. चार वाजायच्या आत उत्तर मिळालं.

शाळा सुटल्यावर मी बंदरावरच्या एका जुन्या तांडेलांकडे गेले. सत्तरी ओलांडलेले, पन्नास वर्षं बोटीवर काढलेले. त्यांच्या नातवाने त्यांना रेकॉर्डिंग ऐकवलेलं होतं. त्यांनी मला ओटीवर बसवलं आणि बोटांच्या पेरांवर मोजायला लागले.

"आज पुनव. पंधराची पाऊणपट किती, बाई?"

"सव्वाअकरा."

"मग साडेअकराला भरतीच हाय की. पुनवेचं उधाण. त्याला काय मेहुणा मंत्रालयात कशाला लागतो?"

तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हे कोकणातल्या कुठल्याही होडीवाल्याला पाठ असतं. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा, दिवसा आणि रात्री. मी भरती-ओहोटी वर्गात शिकवते, चंद्र-सूर्याच्या आकृत्या काढते, आणि आदल्या दिवसापासून मला हा हिशेब सुचला नव्हता. तांडेलआजोबांनी पुढे आणखी एक सांगितलं. "दुपारची भरती बघितलीस? बंधाऱ्याच्या तिसऱ्या दगडाला लागलं पाणी. रात्रीची पण तशीच येणार. पण आता वारा चढलाय, लाट उडेल. पाणी बंधाऱ्यावरून येईल आज. होड्या वर घ्यायला होव्यात, ते सोडून लोक सड्यावर पळतायत."

गेला दीड दिवस सगळं गाव "त्सुनामी येणार की नाही" यावर भांडत होतं, आणि येणार काय ते एकटे तांडेलआजोबा सांगत होते. रात्री उधाणाची भरती, वर मोठ्या लाटा, पाणी बंधाऱ्यावरून, होड्यांना धोका. "नाही" म्हणण्यापलीकडे माझ्या उत्तरात काही नव्हतं. माणसाच्या डोक्यातून एखादी गोष्ट नुसती काढून घेतली तर तिथे पोकळी राहते आणि जुनीच गोष्ट परत येऊन बसते. तिच्या जागी दुसरी गोष्ट ठेवावी लागते, आणि ती कानांवर पडणाऱ्या गाजेशी, डोळ्यांना दिसणाऱ्या पाण्याशी जुळणारी असावी लागते.

आम्ही १०७७ वर जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाला फोन लावला. त्सुनामीचा कुठलाही इशारा नाही, उंच लाटांचा आहे, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. मग ओटीवर बसूनच मजकूर तयार केला. लिहिला मी, पण बोलले तांडेलआजोबा, त्यांच्या बोलीत, स्वतःचं नाव सांगून. त्याचा सारांश असा होता:

"आज रात्री सव्वाअकरा-साडेअकराला पौर्णिमेची भरती आहे. समुद्रात लाटा मोठ्या आहेत. पाणी बंधाऱ्यावरून उडेल. पुळणीवरच्या होड्या दिवस मावळायच्या आत बनात ओढून घ्या, खाडीतल्या बोटींचे दोर दुप्पट करा. बंधाऱ्याला लागून घरं आहेत त्यांनी रात्री खाचरांपलीकडे पाहुण्यांकडे झोपायला जावं. बाकी कोणी घर सोडायचं कारण नाही. त्सुनामीचं जे रेकॉर्डिंग फिरतंय ते चूक आहे. त्यातली वेळ आणि आकडा लाटांच्या इशाऱ्यातला आहे, नाव मात्र त्सुनामीचं लावलंय. त्सुनामी भूकंपाने येते आणि भूकंपाची वेळ आदल्या दिवशी कोणाला सांगता येत नाही. पण कधी जमीन जोरात आणि बराच वेळ हलली, किंवा पाणी एकाएकी लांब आत ओढलं गेलं, तर फोन बघत बसू नका, घाटी चढा. रात्री साडेबारापासून पाणी उतरायला लागेल. मी बंदरावरच आहे, विचारायचं तर इथे या."

त्याखाली माझं एक वाक्य मी स्वतंत्र लिहिलं. काल मी "अरबी समुद्रात त्सुनामी येत नाही, समुद्राला काही झालेलं नाही" असं लिहिलं ते चुकीचं होतं, आणि तुम्हाला मूर्ख म्हटलं त्याबद्दल माफी मागते. हे लिहायला बाकी सगळ्या मजकुरापेक्षा जास्त वेळ लागला. पण ते वाक्य वाचूनच दोन-तीन घरांनी फोन केला.

मजकूर ग्रुपवर गेला, मशिदीच्या भोंग्यावरून मगरीबनंतर वाचला गेला आणि देवळाच्या भोंग्यावरून आरतीनंतर. त्सुनामी हा शब्द दोन्हीकडे फक्त मधे आला. सुरुवात भरतीच्या वेळेने आणि शेवट पाणी कधी उतरेल याने. लोक अर्धवट ऐकतात. पहिलं आणि शेवटचं लक्षात राहतं, तिथे खरी गोष्ट हवी, एवढा विचार आम्ही केला होता.

पण उशीर झाला होता. बरीच कुटुंबं दुपारीच सड्यावर गेली होती, आणि त्यांच्यातल्या दोघांच्या होड्या पुळणीवर जशाच्या तशा होत्या. वरच्या वाडीतून एक कुटुंब अंधार पडल्यावर निघालं. पाऊस होता, घाटीचा कातळ शेवाळलेला. त्यांच्या म्हातारीचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. भोंगा त्यांना ऐकू आला होता. मुलगा नंतर मला म्हणाला, "बाई, काल तुम्ही म्हणालात काही नाही, मग सरकारचा कागद आला. आज पुन्हा म्हणता त्सुनामी नाही. आम्ही कुठल्या बाईंचं ऐकायचं?" वरची वाडी समुद्रापासून लांब आणि उंचावर आहे. खरी त्सुनामी आली असती तरी त्यांना हलायची गरज पडली नसती.

रात्री अकराच्या सुमाराला पाणी बंधाऱ्यावरून यायला लागलं. तांडेलआजोबा आणि बंदरावरची पोरं बॅटऱ्या घेऊन उभी होती, मीही होते. लाट बंधाऱ्यावर आदळायची, पांढरी भिंत उठायची आणि रस्त्यावर गुडघाभर पाणी पसरून गटाराने परत जायचं. बंधाऱ्याजवळच्या दोन ओट्यांवर वाळू आली. त्या दोन होड्या पाण्याने उचलल्या आणि दगडावर आपटून फुटल्या. बाकीच्या बनात सुखरूप होत्या. साडेबाराला पाणी उतरू लागलं, आजोबांनी सांगितलं होतं तेव्हाच.

दुसऱ्या दिवशी गावात काय बोललं गेलं, ते यातलं सगळ्यात शिकवणारं प्रकरण आहे. सड्यावरून उतरलेली माणसं म्हणत होती, "लाट आली होती. पण लहान आली." काही म्हणाली, ग्रामदेवतेने अडवली. ती फुटलेल्या होड्या दाखवत होती, ओटीवरची वाळू दाखवत होती. खरं घडलेलं सगळं आता अफवेचा पुरावा झालं होतं. मी वाद घातला नाही. मी एवढंच विचारत राहिले, "किती वाजता आली? आणि तिथी कोणती होती?"

बंदरावरची माणसं का शांत होती, याचा उलगडा मला एका जुन्या भारतीय अभ्यासातून झाला. १५ जानेवारी १९३४ च्या बिहारच्या भूकंपानंतर जमुना प्रसाद या मानसशास्त्रज्ञांनी, जिथे धक्का जाणवला पण पडझड झाली नाही अशा भागातल्या अफवा गोळा केल्या. आणखी मोठं संकट येणार असंच त्यांतल्या बऱ्याच सांगत होत्या: पाटण्याला ठरावीक दोन दिवसांत चक्रीवादळ, चंद्रग्रहणाच्या दिवशी पुन्हा भूकंप. नव्वद वर्षांपूर्वीसुद्धा मुहूर्त चंद्राचाच होता. पुढे अमेरिकेत लिऑन फेस्टिंगरने हेच निरीक्षण धरून मांडणी केली की, या अफवा भीती निर्माण करत नव्हत्या, आधीच वाटत असलेल्या भीतीला कारण पुरवत होत्या. पोटात गोळा आहे, पण समोर काहीच पडलेलं नाही. मग त्या गोळ्याला साजेसं काहीतरी यायलाच हवं.

आमच्याकडे हेच झालं. बनामागच्या आणि वरच्या वाडीला समुद्र दिसत नाही, रात्रभर त्याची गाज मात्र ऐकू येते. त्या दोन दिवसांत गाज वाढली होती. निसर्गच्या आठवणीने पोटात गोळा होताच. बंदरावरच्यांना समुद्र डोळ्यांसमोर होता, त्यांनी त्याचं पाणी दगडावर मोजलं होतं. म्हणून "घाबरू नका" हे वाक्य इथे कामाचं नाही, असं माझं ठाम मत झालं आहे. घाबरलेल्या माणसाला आधी विचारावं, तुला काय ऐकू येतंय. मग त्याला ते दाखवावं.

पुढच्या आठवड्यात नववीच्या वर्गात आम्ही फळ्यावर त्या रेकॉर्डिंगचा प्रवास काढला. प्रत्येक मुलाने घरी विचारून आणलं: तुम्हाला कोणाकडून आलं, तुम्ही कोणाला पाठवलं. कोणावर आरोप करायचा नाही, नावं लिहायची नाहीत, फक्त नातं लिहायचं, अशी अट होती. बाण काढत गेलो तेव्हा एक गोष्ट सगळ्यांच्याच लक्षात आली. रेकॉर्डिंग आमच्या गावातल्या एका घरातून मुंबईला मुलाकडे गेलं होतं. मुलाने ते चाळीतल्या गाववाल्यांना पाठवलं. त्यांनी आपापल्या घरी फोन केले, "इथेही सगळे तेच म्हणतायत, तुम्ही वर जा." गावात लोक एकमेकांना सांगत होते, "मुंबईहूनही फोन आलाय." आपणच पाठवलेला निरोप चाकरमान्यांच्या काळजीत भिजून परत आला होता, आणि तो दुसरा पुरावा म्हणून मोजला गेला. एका मुलीने ते वर्तुळ लाल खडूने गिरवलं.

मुलांनी आणखी एक गोष्ट शोधली. व्हॉट्सॲपवर अनेकदा पुढे आलेल्या मेसेजवर दुहेरी बाण दिसतो आणि एप्रिल २०२० पासून असा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. पण काही घरांत लोकांनी रेकॉर्डिंग एका फोनवर वाजवून दुसऱ्यावर पुन्हा रेकॉर्ड केलं होतं, काहींनी ऐकून स्वतःच्या शब्दांत लिहून काढलं होतं. बाण गेला. निरोप नवाकोरा दिसू लागला, आणि ओळखीच्या माणसाच्या आवाजात आला म्हणून अधिक खरा वाटला.

गावात काहींचं म्हणणं होतं की तक्रार करावी. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ५४ नुसार खोटा इशारा पसरवून घबराट निर्माण करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. जपानचा व्हिडिओ रत्नागिरी म्हणून फिरवणाऱ्याला ती व्हायलाही हवी. पण आमच्या हाती लागली असती ती माणसं कोण? मुलाच्या काळजीने मेसेज पुढे पाठवणाऱ्या आया. त्यांना पोलीस ठाण्यात बसवलं असतं तर पुढच्या वेळी त्यांनी मेसेज पाठवला असताच, फक्त मला दाखवला नसता. धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला १ जुलै २०१८ रोजी मुलं पळवणाऱ्यांच्या अफवेवरून जमावाने भटक्या समाजातल्या पाच निरपराध माणसांना ठार मारलं. अफवेचं टोक तिथवर जातं, हे मी विसरत नाही. म्हणूनच मला वाटतं की मेसेज आला की विचारायला यायची वाट गावात उघडी राहिली पाहिजे.

त्यानंतर आम्ही जे केलं ते फार मोठं नाही. बंधाऱ्याच्या भिंतीवर रंगाने खुणा केल्या: नेहमीच्या भरतीची, उधाणाची, आणि त्या रात्रीच्या पाण्याची. बंदरावर शाळेचा एक जुना फळा लावला आहे. त्यावर मुलं दर अमावस्या-पौर्णिमेच्या आदल्या दिवशी भरतीच्या वेळा लिहितात, आणि इन्कॉइसचा इशारा आला तर तो मराठीत, पण नुसता उतरवून नाही. "४ मीटर लाटा" असं न लिहिता "पाणी निळ्या खुणेच्या वर उडेल, होड्या बनात" असं लिहायचं, हे तांडेलआजोबांनी त्यांना शिकवलं. किती मीटर याचा अर्थ इथे कोणालाच घेता येत नव्हता. निळी खूण सगळ्यांना कळते. त्याच फळ्याचा फोटो आधी मुंबईच्या ग्रुपवर जातो आणि मग गावच्या. चाकरमान्यांना काळजी वाटायच्या आत त्यांच्या हाती खरी गोष्ट असावी, एवढाच हेतू.

वर्षातून एकदा, जूनच्या सुरुवातीला, मुलं स्वतः एक खोटा निरोप बनवतात. वर्गातच, कागदावर. मंत्रालयातला मेहुणा, दाबून ठेवलेली बातमी, "थांबवू नका", परक्या देशाचा फोटो. एकदा स्वतः बनवला की दुसऱ्याने बनवलेला ओळखता येतो. पण यात एक धोका आहे आणि तो मी मुलांना सांगते: सगळंच खोटं आहे असं म्हणायची सवय लागली तर खऱ्या इशाऱ्यालाही तोच शेरा मिळेल. म्हणून खोट्या निरोपाच्या तासाला लागूनच घाटी चढायचा तास ठेवला आहे. जमीन हलली असं समजून बनामागच्या वाडीपासून खाचरांच्या बांधावरून वरच्या वाडीपर्यंत चालत जायचं, घड्याळ लावून. घाटीच्या खालच्या टप्प्यावरचं शेवाळ त्याच दिवशी मोठी मुलं खरवडून काढतात.

आजी आता वॉकर घेऊन ओटीपर्यंत येते. मी गेले की तिचं एकच विचारणं असतं. "पण बाई, आली असती तर?" पहिल्या वर्षी मला यावर उत्तर नव्हतं. आता मी तिला सांगते की आली असती तरी तुझं घर पुरेसं उंच आहे, तू हलायचं नाहीस, खालची माणसं तुझ्या ओटीवर येतील. गेल्या जूनमध्ये घाटीच्या तासाला मुलं वर पोचली तेव्हा तिने सुनेला सांगून ओटीवर दोन कळशा पाणी भरून ठेवलं होतं, आणि येणाऱ्या प्रत्येकाला ती विचारत होती, "किती मिनिटं लागली रे?"